मसाजीचं हॉटेल हलवलं तेव्हा

१७ मार्च २००३

ठरलं! पाडव्याला हॉटेल हलवायचं. मामा मात्र "तुमी जा. मी काई येत न्हाई," एवढं बोलून शेळ्यांकडे निघून गेले. सासऱ्यांसमोर मी काय बोलणार? गुमान भजी तळली.

जागा उत्तमरावांची. त्यांना तिथं नवीन दुकानं बांधायची आहेत. माणूस भला. सहा महिने आधी सांगितलं, नाहीतर आजकाल कोण एवढं सांगतं! नांदेड रोडची जागा मी शोधली. आमच्या ह्यांना मीच राजी केलं. म्हणजे चाललं तर सगळ्यांचं, आणि नाही चाललं तर खापर माझ्या डोक्यावर. असू दे.

२५ मार्च

चार बाकडी, दोन टेबलं, मोठी कढई हलवली. शेजारच्या पंक्चरवाल्या हिरासिंगनं स्वतःचं दुकान बंद ठेवून दिवसभर ओझी उचलली. नको म्हटलं तर म्हणतो, "भाभी, तीस साल मसाजीचा चाय पिला. एक दिवस हमाली केली तर झिजतो का?"

अशी माणसं मिळायला नशीब लागतं. ते आमच्याकडे आहे.

२ एप्रिल, पाडवा

नवी भट्टी पेटली!

जुन्या चुलीतला विस्तव नेल्याशिवाय नवी पेटवायची नाही, ही आमच्या घरची रीत. मला धाकधूक होती, मामा अडून बसले तर? पण त्यांनी स्वतः घमेल्यात निखारे भरले, वर राख पसरली आणि चुंबळ नीट करून आत्यांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, डोक्यावर घमेलं दिलं. आत्या बाजारातून अशा ताठ चालल्या की मागं फक्त बँड कमी होता! किटली तेवढी मामांनी दिली नाही. "ही ऱ्हाऊ द्या माज्यापाशी."

दुपारी आले. बाहेरच उभे राहून बोर्डाकडे बघत होते. त्यांना वाचता येत नाही. नातीला विचारलं, "काय लिवलं गं?"

"माझं नाव, आजोबा! हॉटेल राजनंदिनी!"

तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पाणी प्यायले आणि परत गेले. चहा घेतलाच नाही.

जुन्या जागेला कधी बोर्डच नव्हता; मामांच्या नावानं सगळे मसाजीचं हॉटेल म्हणायचे. पेंटरनं नाव विचारलं आणि मी पोरीचं सांगून मोकळी झाले. मामांना विचारायचं सुचलंसुद्धा नाही. अकरा वर्षं ज्यांच्या हाताखाली चहा शिकले, त्यांना विचारलं नाही! आता चुटपुट लागलीय.

५ एप्रिल

सकाळपासून सात गिऱ्हाईकं. भजी शेवटी आम्हीच खाल्ली.

९ एप्रिल

भाजीवाल्या सुमनबाई नांदेडला निघाल्या होत्या. गाडीला वेळ होता म्हणून चहाला आत शिरल्या आणि भट्टीवर मला बघून थबकल्याच. "अगं, तू व्हय इथं! मला वाटलं दुसऱ्या कुणाचं हाटेल. समदे मसाजीचं हाटेल हुडकून राहिले बाजारात!"

घ्या! पोरीच्या नावाची हौस केली आणि आपलंच हॉटेल आपण लपवून ठेवलं. पेंटरला निरोप धाडला, तर तो बहिणीच्या लग्नाला गेलेला. पंधरा दिवस येत नाही म्हणे. ह्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

मामा रोज सकाळी दोन शेळ्या घेऊन जुन्या जागेकडे जातात. तिथं आता पाडापाडी झालीय, तरी हिरासिंगच्या ओट्यावर दिवसभर बसतात. आत्यांना विचारलं, काहून जातात? "बाजारात भाजीचा पाला पडते. शेळ्यायला बरं," म्हणाल्या आणि तोंड फिरवलं.

पाला कसला! रुसलेत. आणि त्यांचं काही चुकलेलं नाही.

१५ एप्रिल

बाजाराचा दिवस. गिऱ्हाईक वाढलंय! साखरा गावचे दोघं आले, बैलबाजारातले आले, सगळे जुनेच चेहरे. बोर्ड तर अजून तोच आहे. मग ह्या लोकांना कळलं कसं? खंडोबा पावला, दुसरं काय! भट्टीसमोरच हात जोडले. सुमनबाईंनीही चार ठिकाणी सांगितलं असणार. त्यांनाही देव सुखी ठेवो.

एक गंमत मात्र आहे. मेले सगळे हाफच मागतात! वर्षानुवर्षं फुल पिणारेसुद्धा हाफ! जागा बदलली की तहान अर्धी होते का? साखऱ्याच्या एका म्हाताऱ्यानं घोट घेतला आणि म्हणाला, "ह्यो जरा येगळाच लागते."

"कशापेक्षा?" मी विचारलं.

"काई न्हाई, काई न्हाई," करत तो हसतच सुटला. मला आधी रागच आला. पण हसतं गिऱ्हाईक परत येतं, हे मामांचंच बोलणं. भज्यांची बशी त्याच्यापुढं सरकवली.

१९ एप्रिल

घरातली साखर महिना भरायच्या आतच संपली. राजनंदिनीला एक धपाटा दिला. "मी न्हाई खाल्ली!" म्हणून लेकरू हमसून रडलं. आत्यांनी तिला पोटाशी धरलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. एरवी नातीवर हात उगारला तर घर डोक्यावर घेतात. आज एक शब्द नाही.

नंतर वाईट वाटलं. तिला पहिल्या घाण्यातली गरम भजी दिली. तिनं निम्मी मलाच भरवली. एवढं मन कुठून येतं लेकरांना?

२२ एप्रिल

आज बाकडी कमी पडली! सहा जण उभ्यानं चहा प्यायले. हाफच, पण प्यायले! ह्यांनी हिंगोलीहून नवीन कप आणले. आणताना माझ्यासाठी बांगड्यापण आणल्या, आणि अशा दिल्या जणू काही दुकानदारानं चुकून पिशवीत टाकल्या होत्या.

पेंटर परवा येतो. "मसाजीचं हॉटेल" मोठ्या अक्षरात लिहायला सांगितलंय. पोरीला विचारलं, तुझं नाव खाली बारीक चालेल का? तर म्हणते, "पण लाल रंगात पाहिजे." मामांना वाचता येत नाही, पण कोणीतरी वाचून दाखवेल. तेवढ्यानं ते येतील का? आता सगळं आहे. ते एकदा आत येऊन बाकड्यावर बसले की झालं. दुसरं मागणं नाही.

२४ एप्रिल

संतराम कंडक्टर आले. बसताबसता म्हणाले, "एक हाफ." आज मात्र मी उसळलेच. "काका, तुमी पण? माझ्या हातचा चहा पूर्ण कप घशाखाली उतरत न्हाई का?"

"अगं, अर्धा पिऊनच आलो की! तुजा सासरा हिरासिंगच्या स्टोव्हवर शेळीच्या दुधाचा चहा करून राहिला. जुनं गिऱ्हाईक दिसलं की हाक मारते अन् फुकट पाजते. पण अर्धाच. बाकीचा अर्धा नांदेड रोडला सुनेकडं प्या म्हणते, ती माज्यापेक्षा चांगला करते. तुला सांगू नका म्हणून शपथ घातली होती सगळ्यायला... घ्या, सांगून बसलो!"

अकरा वर्षांत माझ्या चहाला ते कधी बरा म्हणाले नव्हते.

पोरीला जवळ घेऊन माफी मागितली. मग साखरेचा डबा काठोकाठ भरला आणि शेळ्यांच्या खुंट्याजवळ, सकाळी मामांच्या हाताला येईल असा ठेवून आले. आत्यांनी बघितलं. त्यांनी आतून चहापत्ती आणली आणि डब्यावर ठेवली.