शिपायाची डावी नाकपुडी

३ नोव्हेंबर

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर ‘सगळं बरं आहे’ म्हणालो, ते अर्धंच खरं. तुझा शिपाई नऊ दिवस शिंकतोय. सहा महिन्यांच्या नर्सिंगच्या कोर्सला जाताना तू हा कुत्रा माझ्या गळ्यात घातलास तेव्हा तो धडधाकट होता, हे आधी नमूद करतो. वाहते ती फक्त डावी नाकपुडी. आधी पाण्यासारखं, मग पिवळट, काल त्यात रक्ताची बारीक रेघ. मी घड्याळाची काच त्याच्या नाकाखाली धरली. वाफेचे दोन ठिपके उमटायला हवेत, एकच उमटला. ही युक्ती मला कुणी शिकवलेली नाही.

माझा संशय शेजारच्या सुतारावर आहे. भिंतीपलीकडे तो पॉलिश फवारतो. गेल्या महिन्यात शिपायाने त्याच्या नव्या कपाटावर पाय वर केला, तेव्हापासून हा माणूस माझ्याशी हसून बोलतो. अकरा वर्षांत तो कधी हसलेला नाही.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, भूल देऊन कॅमेऱ्याने नाक आतून पाहू. मी नको म्हटलं. कॅमेरा नवा दिसतो, त्यामुळे बाईंना हौस असणार.

काळजी करू नकोस, हे तुला सांगून उपयोग नाही, तरी सांगतो.
तुझा,
दादा

९ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पॉलिशचा वास दोन्ही नाकपुड्यांत जातो रे! सुतार नेम धरून एकीतच फवारत असेल, तर त्याचा सत्कार कर. एकाच बाजूने वाहतं तेव्हा आत काहीतरी अडकलेलं असतं, नाहीतर वरच्या दाढेचं मूळ सडलेलं असतं, नाहीतर गाठ असते. हे मी इथे आमच्या शिक्षिकांना विचारून लिहितेय. तो शेवटचा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही.

आणि शिपाई जेवतो का, हे तू लिहिलंच नाहीस. विसरणाऱ्यांतला तू नव्हेस. म्हणून मला सुताराचा नाही, तुझा संशय येतो.

उलट टपाली खरं काय ते कळव.
तुझी,
चिमणी

१४ नोव्हेंबर

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

विचारलंस म्हणून सांगतो. पहिल्या पत्राच्या आधीपासूनच तो नीट जेवत नाही. त्याला वास येत नाही, त्यामुळे ताटली समोर असूनही शोधत फिरतो. झोपेत घोरतो, मधेच तोंड उघडून श्वास घेतो. तुला घाबरवायचं नव्हतं.

तपास मात्र थांबलेला नाही. सुताराच्या अंगणातून मी चार प्रकारच्या ढलप्या उचलून आणल्या आणि भिंगाखाली पाहिल्या. काय शोधताय, असं त्याने विचारलं. स्क्रू पडला, म्हणालो. तो पुन्हा हसला.

भुलीचं म्हणशील, तर नऊ वर्षांचा कुत्रा उठलाच नाही, तर तुला कुठल्या तोंडाने सांगू?

तुझा,
दादा

१८ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सुताराची ढलपी न् ढलपी तू तपासलीस. शिपाई दिवसभर लोळतो तुझ्या घड्याळदुरुस्तीच्या टेबलाखाली, तुझ्या पायाशी. तिथे काय पडलेलं असतं, यावर दोन्ही पत्रांत एक अक्षर नाही.

भुलीची जबाबदारी माझी. शनिवारपर्यंत त्याला नेलं नाहीस, तर कोर्स सोडून मी येते आणि त्याला घेऊन जाते. मग पुन्हा तुझ्याकडे ठेवणार नाही. रागावून लिहितेय, पण विचार करूनच.

तुझी,
चिमणी

२४ नोव्हेंबर

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

माझ्या टेबलावरून काही पडत नाही, असं खरमरीत उत्तर तुला लिहिलं होतं. ते फाडलं.

शनिवारी नेला. भूल दिल्यावर बाईंनी तोंडातून कॅमेरा टाळूमागे वळवला आणि चिमट्याने एक लाकडी कपचा काढला. लांबी अकरा मिलिमीटर. चावताना मागून वर नाकात चढला असावा, म्हणाल्या. निघेल ते सुताराला पुरावा म्हणून दाखवायला मी डबी नेलीच होती. डोळ्याला भिंग लावलं.

चिमणे, कपच्याला टोक होतं, तीन पैलूंचं. घड्याळात चाकांचे आस ज्यांत फिरतात त्या माणकांची भोकं साफ करायच्या लाकडी काडीला सगळे घड्याळजी गोल टोक काढतात. तीन पैलूंचं मी एकटा काढतो. आणि ते मला कुणी शिकवलेलं नाही, हे मीच आजवर सगळ्यांना सांगत आलोय. कुठून आलं असेल, असं बाईंनी विचारलं. माझ्या हातून, असं सांगितलं.

चाळीस मिनिटांनी तो उठला. औषध दहा दिवस आहे. आज सकाळी काच धरली, दोन ठिपके उमटले. डावा अजून लहान आहे. मग ताटलीकडे सरळ गेला.

सुताराकडे जाऊन सगळं सांगितलं, ढलप्यांसकट. त्याच्या हसण्याचं कारणही कळलं: कपाटावर डाग पडला म्हणून गिऱ्हाईकाने ते नाकारलं आणि ते सुताराच्या बायकोला मिळालं, तेव्हापासून त्याच्या घरात शांतता आहे. माझं ऐकून मात्र त्याचं हसू गेलं. माझ्याकडे आला, टेबलाचं माप घेतलं आणि चारी बाजूंनी पट्टी ठोकून गेला. आता खरंच काही पडत नाही.

शिपाई पुढेही माझ्याकडे ठेवायचा की नाही, ते तू ठरव. तो आत्ता पायाशीच आहे. टेबलाखाली मी रोज दोनदा झाडतो, भिंग लावून.

लोभ आहेच, विश्वासही परत यावा.
तुझा,
दादा