दोन दिवसांनी हुकलेली नर्सरी

गुरुवार, ९ मार्च २००६, रीडिंग, इंग्लंड

रेवाला नर्सरीचे सरकारी फुकट तास ईस्टरनंतर नाहीत, थेट सप्टेंबरपासून. कौन्सिलमधली बाई गोड आवाजात म्हणाली, एकतीस मार्चपर्यंत तीन वर्षं पूर्ण हवीत. रेवाचा वाढदिवस दोन एप्रिल. दोन दिवस! पुण्यात डॉक्टरांनी सिझेरियनला तारीख एकतीस मार्चच दिली होती. सासूबाईंनी पाडव्याचा मुहूर्त साधायला ती पुढे ढकलली, आणि मीही मान डोलावली. का डोलावली? आता एप्रिलपासून कामावर येते म्हणून ऑफिसात सांगून बसलेय, त्याचं काय? दोन दिवस!

न राहवून लगेच पुण्याला फोन केला, सगळं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "सप्टेंबरात नको गं, पितृपक्ष असतो. नवरात्रात घाल."