मावशीचं घर आणि माझी सही

३ मार्च
आजपासून रोजनिशी. पुढेमागे आत्मचरित्र लिहायला घेतलं तर हाताशी असावी. हुद्दा लीगल एक्झिक्युटिव्ह, एका वकीलबाईंच्या ऑफिसात. कोर्टात बाई बोलतात, पण काय बोलायचं त्याचा ड्राफ्ट माझा. शेजारी मला अर्धा वकील म्हणतात. जळतात.

५ मार्च
मावशीचा फोन. तिला मूलबाळ नाही. मृत्युपत्र करायचंय, घर मला देणार. भाड्याच्या दोन खोल्यांतून सुटलो एकदाचे. बायको म्हणते, बाईंच्या नजरेखालून घाला. मी आजवर ढिगाने मृत्युपत्रं टाइप केलीत. दाखवणार नाही.

८ मार्च
ड्राफ्ट तयार. भाषा इतकी भारदस्त, की मलाच दोनदा वाचावी लागली.

११ मार्च, संध्याकाळ
मावशीची सही झाली. साक्षीदार दोन लागतात. एक तिचे डॉक्टर. दुसऱ्या शेजारीणबाई, पण ऐन वेळी त्यांची कंबर धरली. काम कशाला अडवायचं? हातासरशी मीच साक्षीदार म्हणून सही ठोकली, हुद्द्यासकट. प्रसंगावधान लागतं.

१२ मार्च
मावशीकडे चहाला. पडद्यांसाठी खिडक्यांची मापं घेतली. मावशी बघत होती.

१६ मार्च
मृत्युपत्राची प्रत बाईंच्या टेबलावर 'विसरलो'. कौतुक आपणहून व्हावं. बाईंनी वाचून चष्मा काढला. म्हणाल्या, ज्याला घर मिळणार त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली, की त्याला मिळणारं कोर्टात उडू शकतं. हे आपल्या टायपिस्टलाही पाठ आहे. टायपिस्टने मान डोलावली. गरज नव्हती.

१७ मार्च
घाबरायचं कारण नाही. मावशी ठणठणीत आहे, नवं करू. कायदा बदलला म्हणून सांगेन.

१९ मार्च
सांगितलं. कधी बदलला, असं मावशीने विचारलं. मी तारीख आठवू लागलो. मग सोबत आलेल्या बायकोनेच सगळं सांगून टाकलं. मावशी म्हणाली, हातात आलेलं घर ज्याने स्वतःच्या सहीने घालवलं, तो माझं घर काय सांभाळणार? विचार करून कळवते.
वाईट वाटलं. जेवलो नाही. म्हणजे, थोडंच जेवलो.

२४ मार्च
नवं मृत्युपत्र बाईंनी केलं. साक्षीदार डॉक्टर आणि टायपिस्ट. मला आत घेतलं नाही, जिन्यात बसलो. घर आता बायकोला मिळणार.
परत येताना तिला सहज विचारलं, मी पण तिथेच राहायचं ना? म्हणाली, राहा की. फक्त कशावर सही करू नका.