खोकल्याला ओ

दादा,

सगळे टर्की पक्षी विकले असं फोनवर सांगितलं, ते खोटं होतं. एक म्हातारा नर राहिलाय. तू चिडशील, म्हणून हे पत्र पोस्टात टाकणार नाही.

बाबांचा नियम मलाही पाठ आहे. खाल्लेलं अंगाला लागेनासं झालं, वजनाचा काटा हलेनासा झाला, की पक्षी विकायचा. पुढचं खाद्याचं प्रत्येक पोतं तोट्याचं. हा दोन वर्षं नुसता बसून खातोय.

बाबांनी नियम मोडला तो याच्यासाठीच. ते शेडच्या दाराशी खोकले की हा आतून ओरडायचा. "घरात बोललेलं कुणी ऐकत नाही, हा खोकल्यालाही ओ देतो," म्हणायचे. आपण हसायचो.

बाबा गेले आणि तो गप्पच झाला. काल खाटीक न्यायला आला. पाय बांधून झाले, तेवढ्यात खाद्याच्या धुळीनं मला ठसका लागला, अगदी बाबांसारखा. तो तसाच आडवा पडून ओरडला.

मी खाटकाला परत पाठवलं.

खोकला अजून आहे. औषध आणलंय, पण घेत नाही.

तुझी,
धाकटी