पित्ताशयासाठी भोकं किती

रिठद, बुधवार

चि. गजेंद्र यास तुझ्या आतेभावाचा, रामकिसनचा आशीर्वाद. तू, साधना आणि म्हैस, तिघंही ठीक असाल असं धरून चालतो. (फोनवर तू मध्येच हसतोस, म्हणून लिहितो.) माझं पित्ताशय काढून आज एकवीस दिवस झाले. बेंबीतलं एकमेव भोक, अठरा मिलिमीटर, आता शोधूनही सापडत नाही. ते पाहूनच तू येत्या सोमवारी त्याच डॉक्टरांकडे, तसंच एका भोकातून ऑपरेशन करायचं ठरवलंस. शिफारस माझीच होती, हे मी नाकारत नाही.

आता शास्त्र ऐक. (मी बारावी नापास, पण मोटारींची वायंडिंग करता करता मोबाइलवर अशी चाळीस ऑपरेशनं पाहिली आहेत.) चार भोकांत हत्यारं चार बाजूंनी येतात, एक पित्ताशय उचलून धरतं, दुसरं नळी मोकळी करतं. एका भोकात सगळी एकाच दारातून शिरतात आणि एकमेकांत अडकतात. डाग राहत नाही, पण आत काही चिकटलेलं निघालं तर पंचाईत.

दवाखान्याने माझ्या ऑपरेशनचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर दिला होता. काल टीव्हीला लावला. कॅमेरा आत शिरण्याआधी पोटावरून फिरतो. त्या पोटावर डाव्या बरगडीखाली तुरीच्या शेंगेएवढा भाजल्याचा डाग आहे. कढईतला गूळ उडाला तेव्हा तू सात वर्षांचा होतास, पाणी मीच ओतलं होतं. बेंबीत एक भोक पडलं. आत सगळं चिकटलेलं. अकराव्या मिनिटाला रक्त, मग घाईघाईने दुसरं भोक, तिसरं, चौथं. पुढे पडदा नुसता लाल, आणि कोणी तरी म्हणतं, नातेवाइकांना बोलवा.

तुझी वहिनी ललिता म्हणाली, "सोताचं पोट ओयखू येत नाही, अन् चालले डाक्टरले शिकवाले." मी शर्ट वर करून दाखवला, डाग कुठेच नाही. तिने उठून टीव्हीची पिन काढली. चित्र जायला वेळ लागला. (कपॅसिटर थोडा वेळ वीज धरतो, पण चार मिनिटं नाही.)

तुझा,
रामकिसन

ता. क. : सोमवारी डॉक्टरांना सांग, पहिल्यापासून चार भोकं करा. मी आधी बोललो ते चुकीचं होतं. (हे वाक्य साधनाला वाचून दाखवू नको.)

आणखी ता. क. : व्हिडिओच्या कोपऱ्यात तारीख येत्या सोमवारची आहे. मशीनच्या तारखा चुकतात, म्हणून वर लिहिलं नव्हतं.

शेवटचं : पाकीट चिकटवण्याआधी व्हिडिओ पुन्हा लावला. आता पहिल्यापासून चारच भोकं, रक्त नाही, बत्तीस मिनिटांत काम संपलं. म्हणजे तू ऐकलंस. तरी हे पत्र तुमच्या मेडशीच्या गाडीत देतोच. ते मिळाल्याशिवाय तू ऐकणार कसा?