चिठ्ठीची शेवटची ओळ

८ ऑगस्ट

चि. धाकटीस अ. उ. आ.

संगणकाच्या कोर्सची फी किती, असं तू वहिनीला विचारलंस म्हणे. फी सोड, खरी किंमत मी सांगतो: चौदा शनिवार, दुपारची झोप, नवा चष्मा आणि विशीतल्या पोरांसमोर उरलीसुरली इभ्रत. पहिल्या दिवशी मला शिक्षक समजून सगळा वर्ग उभा राहिला. मीही जरा वेळ राहू दिला.

शिकवणाऱ्या बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. ज्याने त्याने आपल्या ओळखीच्या कामाचा प्रोग्रॅम लिहून आणायचा, असं त्यांनी सांगितलं. मी छाती काढून म्हटलं की पंपांच्या दुरुस्तीत पस्तीस वर्षं गेली, कान लावला की दुखणं कळतं, दुसरी फेरी म्हणून मारावी लागत नाही. बाई हसल्या. म्हणाल्या, संगणकाला कान नसतात. गिऱ्हाईक तक्रार सांगतं तिथपासून धरा, कोणता प्रश्न आधी, कोणता नंतर, हो म्हटलं तर कुठे वळायचं, नाही म्हटलं तर कुठे, ते मांडा. कागद घेऊन दोन तास बसलो. एकच ओळ सुचली: जाऊन ऐका.

दुकानातला फोन बारा वर्षं तूच घ्यायचीस. काय विचारायचीस गं लोकांना? तेवढं कळव. बाकी दुकान झकास चाललंय. तू गेलीस म्हणून काही अडलं नाही, काळजी नको.

दोन ओळी लिहिल्यास तरी पुरे, पण लिही.

तुझा दादा


१९ ऑगस्ट

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझ्यासाठी उभा राहिलेला वर्ग डोळ्यांसमोर आणून खूप हसले. पुढचं वाचलं तेव्हा हसू गेलं.

पहिला प्रश्न नेहमी एकच: खालच्या टाकीत पाणी आहे का? निम्मी माणसं तिथेच वरमून फोन ठेवायची. ती तुझ्यापर्यंत कधी पोचलीच नाहीत. पाणी असेल, तर पंप फिरतो का? नुसता गुणगुणत असेल तर कपॅसिटर गेला. फिरतो पण पाणी चढवत नाही, तर त्याने हवा धरली. खडखडतो, तर बेअरिंग. बाकी सगळं मी तुला द्यायचे त्या चिठ्ठ्यांवर आहे. फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात असतील, टाकल्या नसल्यास.

दादा, हाच कोर्स मला करायचा होता. दर शनिवारी कामावरून लवकर सोडू, अशी मालकाची सही फॉर्मवर लागायची. तो मी तुझ्या टेबलावर ठेवला. तू त्यावर चहाचा कप ठेवलास आणि फोन उचलायला कसलं आलंय शिक्षण, असं म्हणालास. मी भांडले नाही. महिनाभराने इथली नोकरी धरली, त्याला आता चार वर्षं झाली. वहिनी म्हणते, कोर्स आता कर. आता नाही रे करवत. हौस होती तेव्हा होती.

नवा चष्मा पुसत जा. माया आहे तेवढी आहेच.

तुझी धाकटी


१४ सप्टेंबर

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

प्रोग्रॅम चालला. पहिल्यांदा लिहिताना मी शहाणपणा करून टाकीचा प्रश्न शेवटी घातला होता. तर ते यंत्र कोरड्या टाकीवरच्या पंपाचंही बेअरिंग बदलायला सांगू लागलं. पोरं खो खो हसली. मग मुकाट्याने तुझ्या क्रमाने लिहिलं. हा क्रम कोणी लावला, असं बाईंनी विचारलं. बहिणीने, म्हटलं. त्या म्हणाल्या, आम्ही चौदा शनिवार घेऊन जे शिकवतो ते त्यांनी फोनजवळ बसून केलंय, त्यांना का नाही पाठवलंत? चहाच्या कपाचं मला सांगवलं नाही.

घरी येऊन डबा उतरवला. दोन दिवस चिठ्ठ्या वाचतोय. नाव, पत्ता, तक्रार आणि शेवटच्या ओळीत दुखणं, तुझ्या अक्षरात, मी दुकानातून निघायच्या आधी लिहिलेलं. मी ती चिठ्ठी जिन्यात वाचायचो, खिशात घालायचो आणि मग गिऱ्हाइकासमोर पंपाला कान लावायचो. कान लावलेलं तेवढं माझ्या लक्षात राहिलं.

तुझा फॉर्मही सापडला, कपाच्या गोल डागासकट. आज सही केली. आता तिचा काही उपयोग नाही, हे मलाही कळतं. सोबत पाठवतोय. फाडलास तरी चालेल, पण फाडताना मला चार शिव्या घाल. तेव्हा तू भांडली नाहीस, म्हणून मला वाटलं तुला पटलं.

राग ठेव, पण पत्र पाठवत जा.

तुझा दादा

ता. क. तू गेल्यानंतरच्या चिठ्ठ्यांवर शेवटची ओळ कोरी आहे. गेली चार वर्षं बहुतेक पंपांना मला दोन फेऱ्या माराव्या लागतात.