किझायाचे अकरा गड्डे

थॉर्पगेट, वेकफील्डजवळ
११ नोव्हेंबर १९६२

ती. बर्थाताईस,
कृ. सा. न. वि. वि.

या भाड्याच्या घराच्या परसात असं काय पुरलंय, की नगरपालिका नवा फ्लॅट देतेय तरी मी नाक मुरडतोय, असं तू विचारलंस. तर आधी यादी घे. सगळं या दोन हातांनी केलेलं. उत्तरेची भिंत: जुन्या विटा तीनशे बारा, प्रत्येकीचा चुना खरवडून लावलेली. रेल्वेच्या बाद स्लीपरांची खोपी: सगळे सांधे खाचेचे, खिळा एकही नाही. एकचाकी हातगाडी, तिचं चाक गिरणीतल्या मोडीत निघालेल्या यंत्राचं. फावड्याचे दांडे तीन. पहिले दोन वाईट होते, हेही लिहून ठेवतो. शिशाच्या पट्ट्या, त्यांवर एकेक अक्षर ठोकून काढलेली नावं. आणि सगळ्यांत शेवटी, एकोणीस वर्षांची मेहनत, 'किझाया', आंबट लाल देठांच्या रुबार्बची माझी स्वतःची जात.

तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहितो, कारण तू हे नेहमी अर्धवट सांगतेस. आईच्या जुन्या रुबार्बला त्रेचाळीस साली तुरा आला. त्याचं बी मी पेरलं, दोनशे चौदा. बियांपासून चांगला रुबार्ब येत नाही असं पुस्तकांत आहे. पण ती पुस्तकं मी नंतर वाचली. दोनशे तेरा रोपं उपटून टाकली. एक ठेवलं. त्याचा देठ आतल्या गाभ्यापर्यंत लाल, आणि रुबार्बचे मोठे बागायतदार ऑड्सली यांच्या मालापेक्षा दहा दिवस आधी तयार. आज त्याच्या मुळांचे अकरा गड्डे आहेत. जगात दुसरीकडे एकही नाही. आईचं नाव त्याला मी दिलं.

आता बातमी. नवा रुंद रस्ता आमच्या आळीवरून जाणार. बावीसच्या बावीस घरं २८ फेब्रुवारीच्या आत रिकामी करायची. मला तिसऱ्या मजल्यावर जागा मिळालीय. गॅलरी चहाच्या ट्रेएवढी.

कुठून कळलं देव जाणे, शुक्रवारी पर्सिव्हल ऑड्सली स्वतः आला. बूट चकचकीत, पाय ठेवायला कोरडी जागा शोधत होता. अकराही गड्डे विकत घेतो म्हणाला. दोन अटी: बाहेर एक तुकडासुद्धा राहता कामा नये, आणि नाव बदलून 'ऑड्सली अर्ली' ठेवणार. देठ कोवळे राहावेत म्हणून अंधाऱ्या ठेवलेल्या याच्या बापाच्या शेडमध्ये आईने एकतीस हिवाळे गुडघ्यांवर बसून, मेणबत्तीच्या उजेडात देठ ओढले. तिच्या अंत्यविधीला त्यांनी एक जुडी पाठवली होती; तीही दुसऱ्या प्रतीची. मी नाही म्हणालो. आकडा विचारू नकोस, तुला रक्तदाब आहे.

तुझ्या घरामागची जागा देशील का? हे विचारायला मला काय वाटलं असेल ते तू जाणतेसच.

मुलाबाळांच्या जागी पाठीराखी तूच, तेव्हा माया आटू देऊ नये, ही विनंती.

तुझा,
रूबेन


व्हिटबी
१८ नोव्हेंबर १९६२

चि. रूबेन यास,
अ. उ. आ. वि. वि.

काय वाटलं असेल ते जाणते बरं. पंचावन्न साली तू मला 'किझाया'चा एक तुकडा दिलास. पहिल्या वर्षी एकही देठ ओढायचा नाही, असं चारदा बजावलंस. आणि मी जूनमध्ये चॅपलच्या चहाला अकराच्या अकरा देठ ओढून टार्ट केले, आणि ते बिचारं मेलं. पाद्रीबाबांनी दोनदा मागून घेतलं होतं, हे तू अजून ऐकून घेतलेलं नाहीस. चार महिने पत्र नाही. आणि आलं ते मायन्याशिवाय, थेट हवामानापासून सुरू.

जागा देते. पण माझ्याही अटी आहेत, अटी घालणं एकट्या ऑड्सलीलाच शोभतं असं नाही. एक, मला व्याख्यान द्यायचं नाही. दोन, गड्ड्यांबरोबर तूही यायचंस आणि पंधरा दिवस राहायचंस. मागची खोली तुझ्यासाठी रंगवून घेतलीय, फुकट जाऊ देऊ नकोस. शेजारचे जेबेझ खलाशी म्हणतात, भाऊ बाळंतपणं करतो आणि बहीण मातीला पोचवते, अशी जोडी सबंध यॉर्कशायरात सापडायची नाही.

आईच्या नावाचं तू केलंस ते बरोबर केलंस. तरी आकडा सांग. रक्तदाबाच्या गोळ्या मी घेतेय.

हाताला लोकरीचे मोजे घाल आणि बहिणीला धरून राहा.

तुझी ताई,
बर्था


थॉर्पगेट
९ डिसेंबर १९६२

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

हे व्याख्यान नाही, सूचना आहेत. खड्डे बारा: अकरा गड्ड्यांचे, एक राखीव. दोन खड्ड्यांत तीन फूट अंतर, म्हणजे टेपने मोजलेले तीन फूट, तुझी पावलं नव्हेत. खोली फावड्याच्या दोन पात्यांइतकी. तळाला घोड्याची कुजलेली लीद, ताजी नाही. गिरणीतला लोकरीचा भुगा दोन पोती रेल्वेने पाठवलाय. तो खत म्हणून वरच्या मातीत मिसळायचा. जेबेझना हात लावू देऊ नकोस. खलाशाला माती म्हणजे फक्त बुटाला चिकटणारी वस्तू.

गड्डे मी अजून काढलेले नाहीत. आईचा नियम तुला आठवत असेल: जमीन तीनदा कडक गोठल्याशिवाय गड्ड्याला हात लावायचा नाही. माझ्या थर्मामीटरवर आजवर दोनदाच गोठलीय. आळीतले लोक रोज कुंपणावरून विचारतात, काय रूबेन, तिसरीची तारीख पक्की झाली का? डोरीन क्लफ तर म्हणाली, लग्नाचा मुहूर्तसुद्धा यापेक्षा लवकर निघतो. हसू देत. मी जे करतो ते नियमाने करतो.

आकडा सांगणार नाही.

लोभ कमी झाला असल्यास कळवावे, म्हणजे भुगा परत मागवतो.

तुझा,
रूबेन


व्हिटबी
२० जानेवारी १९६३

चि. रूबेन यास,
अ. उ. आ. वि. वि.

तिसरी गोठण नाताळच्या दुसऱ्या दिवशी आली आणि अजून गेली नाही. इथे बंदराच्या कडेलासुद्धा बर्फ धरलाय. जेबेझ म्हणतात, सत्तर वर्षांत असं पाहिलं नाही. तुझी जमीन लोखंडासारखी झाली असेल, हे तू लिहिलं नाहीस तरी मला कळतं. तू सहा आठवडे लिहिलं नाहीस, त्यातच ते आलं.

माझे बारा खड्डे चौदा डिसेंबरलाच तयार झाले. आत गवत भरलंय, वर जेवणघरातला जुना गालिचा. काल हात घालून पाहिला, माती भुसभुशीत आहे. टेपने मोजलेत.

आता रागावू नकोस. तीन गोठणींचा नियम आईचाच, पण तो शेडचा होता रे. चौदाव्या वर्षापासून दोन हिवाळे मी तिच्याबरोबर त्या अंधारात काम केलंय. तुला शाळेत घातलं म्हणून तू नव्हतास. ज्या गड्ड्यांना शेडमध्ये ऊब देऊन कोंब आणायचे, त्यांना आधी थंडी लागते. परसातला गड्डा नुसता हलवायला थंडीची गरज नाही. आपण नव्या घरी गेलो तेव्हा आईने स्वतःचा गड्डा पानं गळाली त्याच आठवड्यात काढला, ऑक्टोबरात, पायात सपाता घालून. तू चार वर्षांचा होतास, बादली धरून उभा होतास. तू नियम तेवढा पाठ केलास, आईच्या हाताकडे पाहिलंच नाहीस.

हे कुणीतरी म्हणायला हवं होतं, आणि तुला बोलणारी मी एकटीच उरलेय. राग गिळ, गरम सूप पी, आणि काहीतरी कर.

तुझीच,
बर्था


थॉर्पगेट
२४ फेब्रुवारी १९६३

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीन दिवस घड्याळामागे ठेवलं होतं. तुझं बरोबर आहे. हे वाक्य जपून ठेव, दुसरं मिळणार नाही.

चौथ्या दिवशी टिकाव घेतला. तिसऱ्या घावाला दांडा मोडला, दुसरा बसवला, आणि पाचव्या घावाला पहिला गड्डा काचेसारखा फुटला. एकोणीस वर्षांत मी परसात कधी खाली बसलो नव्हतो. त्या दिवशी बसलो. तेवढ्यात डोरीन क्लफने नेहमीप्रमाणे चुलीची गरम राख घसरड्या वाटेवर फेकली. थोड्या वेळाने पाहतो तर तिथली माती ओली! सरळ गड्ड्यावर राख टाकली तर त्याचे डोळे, कोंब फुटायचे ते, भाजतील. म्हणून विटांवर पत्रा ठेवला, गड्ड्याच्या वर बरोबर चार इंच, पत्र्यावर राख, राखेवर ओली पोती. एका घराच्या राखेने काय होणार? पण डोरीनने आळीभर सांगितलं. दुसऱ्या सकाळपासून बावीस चुलींची राख दोन वेळा माझ्या दारात. म्हातारे क्लफ बादली ठेवताना रोज विचारायचे, बाळंतीण कशी आहे? ज्यांची घरं लवकरच पडणार, ती माणसं माझा रुबार्ब शेकत होती, ताई.

ऑड्सली पुन्हा आला. गाडीतून उतरला नाही. म्हणाला, माझी माणसं हवेच्या दाबाची यंत्रं घेऊन येतील, एका दुपारी सगळं बाहेर. आकडा वाढवला. हट्टाने गड्डे मारशील आणि आईचं नाव मातीत घालशील, असंही म्हणाला. मी म्हणालो, रुबार्बचं नाव मातीतच असतं, साहेब, पाटीवर असतं ते दुकानाचं.

अकरापैकी सात निघाले. तीन कुजले, एक मी मारला. फावड्याला वस्तऱ्यासारखी धार लावून सातांचे सव्वीस तुकडे केले, प्रत्येकावर किमान एक ठसठशीत डोळा. बारा तुझे. उरलेले चौदा आळीतल्या ज्या चौदा घरांना नव्या ठिकाणी परस मिळालंय, त्यांना वाटले. प्रत्येकाला शिशाची पट्टी, 'किझाया'. आता 'बाहेर एक तुकडासुद्धा नको' म्हणणाऱ्याने चौदा गावं फिरावीत.

तुझ्या जेबेझच्या पुतण्याचा मासळीचा ट्रक मंगळवारी बाजारातून रिकामा परततो, त्यात गड्डे आणि मी. वासाबद्दल आधीच क्षमा. डोळा जमिनीशी बरोबर समपातळीत हवा. पण ते मीच लावीन.

खोली रंगवली आहेस तर पंधराऐवजी वीस दिवस राहीन. जीव लावलास तसाच लावत राहा.

तुझा,
रूबेन


व्हिटबी
१६ जून १९६३

चि. रूबेन यास,
अ. उ. आ. वि. वि.

बाराही जगले. पानं छत्रीएवढी, देठ इतके लाल की मी रोज स्वयंपाकघराचा पडदा ओढून घेते, मोह नको म्हणून. एकही ओढलेला नाही. चॅपलचा चहा गेल्या रविवारी झाला. मी विकतचा केक नेला. पाद्रीबाबांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी तुझ्या हिशेबी लावलंय.

गुरुवारी दारात लांब काळी गाडी. तुझा ऑड्सली. टोपी काढली, चहा घेतला, माझ्या पडद्यांची तारीफ केली. मग म्हणाला, तुमच्या भावाशी माझं ठरल्यातच जमा आहे, तुमचे बारा तेवढे द्या, साठ पौंड रोख. भावाशी ठरलंय तर भावाकडे जा, असं मी सांगितलं. त्यावर हसून म्हणाला, बाईसाहेब, विधवा बाईला साठ पौंड थोडे नाहीत, छप्परही गळतंय तुमचं. तेव्हा मी त्याला सांगितलं की माझी आई तुमच्या शेडमध्ये गुडघ्यांवर होती, मी दोन हिवाळे होते. आता या घरात गुडघ्यांवर बसणारं कुणी नाही. आणि त्याच्यापुढचा कप उचलून नेला. अर्धा भरलेला होता.

गाडी जाईपर्यंत जेबेझ कुंपणाशी फावडं घेऊन उभे होते. विचारलं तर म्हणाले, मातीची आवड लागलीय.

छप्पर खरंच गळतंय. पण साठ पौंड मी नाकारले आणि मला त्याचा माज चढलाय, तो उतरायच्या आत सांग: तू किती नाकारलेस? आता तरी.

गॅलरीत वाकून उभा राहू नकोस, आणि तुझ्या ताईला विसरू नकोस.

बर्था


फ्लॅट ३१, वेकफील्ड
२३ जून १९६३

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र उभ्याने वाचलं, मग बसून, मग भेटायला आलेल्या डोरीन क्लफला जिन्यात वाचून दाखवलं. तू कप उचललास त्या ओळीला ती एवढी हसली की खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला काठी आपटली. तिच्या नव्या परसात 'किझाया'ला पाच पानं आहेत. चौदापैकी तेरा जगल्याची पत्रं आलीत. चौदाव्याने पहिल्याच महिन्यात देठ ओढले. त्याला मी काहीही लिहिलं नाही. म्हणजे लिहिलं, पण मायन्यासह.

माझ्याकडे एकही नाही. गॅलरीत मावत नाही आणि पिंपात तो नीट वाढत नाही. परसावरून परवा यंत्र फिरलं. भिंत पडताना मी बघायला गेलो होतो. तीनशे बारा विटांपैकी एकही सांध्यातून सुटली नाही, सगळा तुकडा अखंड आडवा झाला. मुकादम म्हणाला, ही कोणी बांधली? मी सांगितलं.

ऑगस्टमध्ये शिडी आणि पत्रे घेऊन येतो, छप्पर मी करीन. गळतीची जागा खडूने आतून खूण करून ठेव. पुढच्या जूनमध्ये टार्ट करशील तेव्हा प्रत्येक गड्ड्याचे निम्मेच देठ ओढ, आणि पाद्रीबाबांना तिसऱ्यांदा देऊ नकोस.

आपलं माणूस म्हणून जे सहन करतेस, ते असंच चालू ठेवावं.

तुझा,
रूबेन

ता. क. आकडा तुला सांगत नव्हतो, कारण तू घे म्हणाली असतीस तर मी घेतलेही असते. नोव्हेंबरात तो चारशे म्हणाला होता. फेब्रुवारीत, गाडीची काच चार बोटं खाली करून, जमिनीत उरलेले सगळे गड्डे, बी आणि आईचं नाव मिळून, साडेसहाशे पौंड. मी नाही म्हणालो.